शर्यत नको, पाणी हवं

पत्र

ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. एप्रिलमध्ये त्याला पोहण्याच्या उन्हाळी बॅचला घातलं. पहिले पंधरा दिवस तो इतका खूश होता की रात्री गॉगल उशाशी घेऊन झोपायचा. मग 'उंची चांगली आहे, हात लांब आहेत' म्हणून सरांनी त्याला स्पर्धेच्या बॅचमध्ये टाकलं. तिथं रोज स्टॉपवॉच, रोज कोण पहिला, कोण शेवटचा. आठवडाभरात पहाटे त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि आता तर तो जायलाच तयार नाही. ह्यांचं म्हणणं, 'अर्धवट सोडायची सवय लागेल.' सासूबाई म्हणतात, 'बरं झालं, पाण्याशी खेळ नकोच.' माझं माहेर सांगलीतल्या शामरावनगरचं. २०१९ च्या पुरात आम्ही गच्चीवर होतो, खाली सगळीकडं पाणी, आणि मला पोहता येत नव्हतं. ती रात्र मी विसरलेली नाही, म्हणून याला पोहता यावं असं फार वाटतं. सांगलीत शर्यतीत न उतरवता नुसतं पोहायला शिकवणारं काही मिळेल का? की मीच चुकतेय? पोहायची पिशवी दाराआड तशीच लटकतेय. ती दिसली की तो तोंड फिरवतो. उचलून ठेवू का?

— एक आई, विश्रामबाग

उत्तर

ताई, तुम्ही चुकत नाही. हे आधी सांगते, कारण पत्रातला तोच प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला.

गॉगल उशाशी घेऊन झोपणाऱ्या पोराला पाण्याचा कंटाळा आलेला नसतो. त्याला नकोसं झालंय ते रोज सकाळी सगळ्यांसमोर मोजलं जाणं. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच फीच्या पावतीवर मिळतात, म्हणून मोठ्यांना त्या एकच वाटतात.

पण पोटदुखीचं आधी बघू. सुट्टीच्या दिवशी दुखतं का? दुपारी, शाळेतून आल्यावर? दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. फक्त बॅचच्या वेळेलाच दुखत असेल, तर त्याला जवळ घेऊन शांतपणे विचारा, एकदाच नाही, दोन-तीनदा, वेगवेगळ्या वेळी. शर्यतीपलीकडं काही आहे का? कुणी डोकं पाण्यात दाबतं का, कपडे बदलायच्या खोलीत मोठी मुलं चिडवतात का, कुणी नको तिथं हात लावतं का. बहुतेक वेळा तसं काही नसतं, पण विचारायचं राहून जायला नको. तसं काही निघालं तर तो तलाव त्याच दिवशी बंद, पुढची तक्रार करायची, आणि 'सर काय म्हणतील' हा विचार मनात आणायचा नाही.

मी पोहायला शिकले ते तासगावच्या अलीकडं, मामाच्या मळ्यातल्या विहिरीत. पहिले तीन दिवस मामानं मला नुसतं पायरीवर बसवलं. पाय पाण्यात, बाकी काही नाही. चौथ्या दिवशी पाठीला वाळक्या पांगाऱ्याच्या तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधला, कमरेला दोर, आणि दोराचं टोक त्याच्या हातात. आठवड्यानं बिंडा सुटला, पण दोर अख्खी सुट्टी राहिला. वस्तीवरची पोरं हसायची. मामा त्यांना म्हणाला, 'दोर तिच्यासाठी नाही, माझ्या जिवासाठी बांधलाय.' मी त्या उन्हाळ्यात किती वेगात पोहले हे कुणालाच माहीत नाही. विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

तुम्ही जे शोधताय ते आपल्याकडं असं घरोघरी होतं. मग बोअर वाढल्या तशा विहिरी आटल्या, काही बुजल्या. कृष्णेत भिलवडी, औदुंबर, अंकलखोपपासून सांगलीपर्यंत मगरी आहेत, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तेव्हा नदीचा विषयच संपला. उरला तलाव. तलावाला पाणी, वीज, औषधं, पगार असा रोजचा खर्च असतो. तो उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत काढायचा, तर बॅच भरली पाहिजे, आणि बॅच भरायला भिंतीवर पदकं लागतात. त्यात दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात हेही पालकांच्या डोक्यात असतं. सरांचा दोष काढत नाही मी. तुमच्या मुलाचे लांब हात त्यांना दिसले, हे त्यांचं कामच आहे. फक्त ते हात कुणाचे आहेत हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं होतं.

आता, शर्यत काढून टाकली तर मुलानं शिकायचं काय? हे ठरलेलं नसेल तर 'नुसतं पोहणं' म्हणजे नुसतं डुंबणं होतं, आणि मग तुमच्या ह्यांना बोलायला जागा मिळते. अमेरिकन रेडक्रॉसनं पाण्यात तग धरण्यासाठी पाच गोष्टी सांगितल्या आहेत आणि मला त्या फार पटतात. डोक्यावरून जाईल इतक्या पाण्यात शिरून पुन्हा वर येणं. एक मिनिट तरंगत राहणं किंवा जागच्या जागी पाणी तुडवणं. गोल फिरून बाहेर पडायची जागा हेरणं. तिथपर्यंत पंचवीस यार्ड, म्हणजे सुमारे तेवीस मीटर, कसंही का होईना पोहत जाणं. आणि शिडी न वापरता काठावर चढणं. यात कुठंही सेकंद नाहीत. बटरफ्लायसारखा पोहण्याचा अवघड प्रकारही नाही. कुत्र्यासारखे हातपाय मारत गेला तरी चालेल, पाठीवर गेला तर त्याहून उत्तम, कारण पाठीवर असताना नाकतोंड हवेत असतं आणि दमलेलं माणूस तिथं विसावा घेऊ शकतं.

यातली शेवटची गोष्ट आपल्याकडं कुणी शिकवतच नाही. सगळी मुलं शिडीनं बाहेर येतात. विहिरीला, शेततळ्याला, कालव्याला शिडी कुठं असते? शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून तर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय घसरतो. सरांना सांगून काठावर कोपरं टेकून अंग वर खेचायची सवय करून घ्या. नऊ वर्षांच्या मुलाला हे जमायला महिना लागेल, लागू दे.

दुसरं, कपड्यांचं. नेदरलँड्स हा पाण्यानं वेढलेला देश. तिथं मुलांना पोहण्याचं प्रमाणपत्र मिळतं ते अंगात कपडे आणि पायात बूट घालून पोहून दाखवल्यावर. वाचलं तेव्हा मला आपली सांगलीच आठवली. पुराच्या पाण्यात कुणी कॉस्च्यूम घालून पडत नाही. ओली जीन्स पायाला कशी ओढते हे एकदा सुरक्षित जागी अनुभवलेलं मूल घाबरून हातपाय झाडत नाही. तलावात सुती कपडे चालत नाहीत हे खरं, पण महिनाअखेरीला शेवटच्या बॅचनंतर एक दिवस धुतलेला टी-शर्ट आणि पँट घालून पाच मिनिटं उतरू द्याल का, असं विचारून बघा. विचारायला काही जात नाही.

मग असा तलाव शोधायचा कसा? पाटीवर 'शर्यत नाही' असं कुणी लिहीत नाही. तेव्हा फॉर्म आणण्याआधी अर्धा तास काठावर बसा. मुलाला नेऊ नका, एकट्या जा. सगळ्यात पुढं पोहणाऱ्या मुलाकडं बघू नका, सगळ्यात मागं राहिलेल्याकडं बघा. सर त्याच्याशी काय बोलतात? तो दांडीला धरून थांबला तर त्याला थांबू देतात का? उथळ बाजू नवख्यांना मोकळी आहे की तिथंही मोठ्यांच्या फेऱ्या चालल्यात? सरांच्या हातात घड्याळ आहे की सर स्वतः पाण्यात आहेत? माझ्या मते याच एका गोष्टीवर निम्मा निर्णय घ्यावा. शिकवणारा पाण्यात कमरेएवढा उभा असेल तर नवखं पोर त्याच्याकडं बघून पाय सोडतं. आणि शिकवणाऱ्याशिवाय नुसती नजर ठेवायला वेगळा जीवरक्षक आहे का, तेही बघा. एकाच माणसाला पंचवीस मुलं शिकवायची आणि राखायचीही, हे होत नाही. माझ्या मते नवख्यांच्या गटात एका सरांमागं सहा ते आठ मुलं, त्याहून जास्त नकोत.

तिथं बसल्या बसल्या पाणीही बघून घ्या. खोल बाजूचा तळ स्वच्छ दिसायला हवा. दिसत नसेल तर बुडालेलं मूलही दिसणार नाही. नाकाला झोंबणारा वास आला की आपण म्हणतो, क्लोरीन भरपूर आहे, म्हणजे पाणी चोख. तसं नसतं. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन जे क्लोरामाइन बनतात, तो वास त्यांचा. नीट राखलेल्या तलावाला फारसा वास नसतो. तपासणीची वही मागितली तर दाखवतात का बघा. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, ७.२ ते ७.८ आणि मोकळं, म्हणजे अजून न वापरलं गेलेलं क्लोरीन किमान १ पीपीएम (लिटरला एक मिलिग्रॅम), एवढं पुरे. काठावर दोर बांधलेली रिंग आणि लांब बांबू हाताशी हवा, कुलपात नको.

मग कार्यालयात एकच प्रश्न विचारा: 'शिकाऊ बॅचचे एकवीस दिवस झाल्यावर पुढं काय?' उत्तर 'ॲडव्हान्स बॅच, मग जिल्हा' एवढंच असेल तर नमस्कार करून निघा. 'महिन्याचा पास घ्या, जमेल तसा येऊ दे' असं म्हणाले तर थांबा. महापालिकेचा तलाव असो, संस्थेचा असो की शाळेचा, बहुतेक ठिकाणी शिकाऊ बॅचपेक्षा ही पासाची वेळ वेगळी असते. तिची जाहिरात होत नाही, ती विचारावी लागते. कुठं पालकांबरोबर मुलांना सोडतात, कुठं महिलांच्या वेळेत लहान मुलं चालतात. दोन-तीन घरं मिळून चार-पाच मुलं जमवली आणि दुपारच्या रिकाम्या वेळी एखादे सर ठरवले, तर तेही जमतं. विश्रामबागेत तुमच्यासारख्या आणखी चार आया नाहीत, यावर माझा विश्वास नाही.

आणि एप्रिल-मे सोडा. त्या दोन महिन्यांत तलावात पाण्यापेक्षा माणसं जास्त असतात, सरांचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो. शाळा सुरू झाल्या की गर्दी ओसरते. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मार्चमध्ये पाणी बरं असतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र नको. शर्यतीच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश ठेवायचा नियम आहे, पण ते सतत हातपाय मारणाऱ्यांसाठी. दांडीला धरून उभ्या असलेल्या लहानग्याला तेवढंही गार लागतं, आणि आपले उघडे तलाव थंडीत त्याच्याही खाली जातात. पोर कुडकुडतं आणि मोठे म्हणतात, घाबरलं.

सध्याच्या सरांशी बोलताना भांडू नका. 'सर, त्याला स्पर्धेत उतरवायचं नाही, पोहणं मात्र सोडायचं नाही. जुन्या बॅचला परत घ्याल का?' एवढंच बोला. ते म्हणतील, गुण वाया जाईल. तुम्ही म्हणा, त्यानं स्वतःहून मागितलं तर आम्हीच घेऊन येऊ. हे मनापासून म्हणा, कारण बाराव्या-तेराव्या वर्षी तो खरंच मागू शकतो. तेव्हा अडवू नका. मुलाला मात्र आधीच विचारा, त्याच तलावावर परत जायचंय की दुसरीकडं. ज्या काठावर रडू आलं तिथं परत जाणं काही मुलांना जमत नाही. माझ्या भाच्याला एका तलावावर तिसऱ्याच दिवशी खोल बाजूला ढकललं होतं, 'पाण्यात पडलं की आपोआप पोहता येतं' म्हणून. पुढं चार वर्षं तो शॉवरखाली डोकं धरायला तयार नव्हता. ही म्हण माझ्या हातात असती तर मी पुसून टाकली असती. पाण्यात पडलं की नाकातोंडात पाणी जातं. पोहणं शिकावं लागतं, आणि धास्तावलेलं अंग पाण्यात नीट तरंगत नाही.

ह्यांच्यासाठी. दादा, ताई हे तुम्हाला वाचून दाखवत असतील तर हा परिच्छेद तुमच्याकरता आहे. मुलानं काहीच अर्धवट सोडलेलं नाही. वर लिहिलेल्या पाच गोष्टी पूर्ण करायच्या, हे त्याच्याशी ठरवा, आणि त्या झाल्या की पोहणं शिकून झालं असं मोठ्यानं म्हणा. त्याला शेवट दिसू दे. आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये भारताचं पहिलं सुवर्णपदक आणलं. ३७.३३ सेकंद, त्या गटातला तेव्हाचा विश्वविक्रम. पण १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर ते पाण्यात उतरले ते उपचार म्हणून, अंग पुन्हा हलतं व्हावं म्हणून. सेकंद नंतर आले. आणि तुम्हाला पोहता येत असेल, तर रविवारी तासभर त्याच्याबरोबर उतरा. तळाशी टाकलेली नाणी वेचायची, तुमच्या पायांच्या कमानीतून सुळकन जायचं, पाठीवर पडून ढग बघायचे. 'कोण जास्त वेळ श्वास रोखतो' हा खेळ मात्र अजिबात नको. भराभर श्वास घेऊन बुडी मारली की श्वास घ्यायची हाक शरीराला उशिरा जाणवते आणि माणूस पाण्यातच, काही न कळता बेशुद्ध पडतो. चांगल्या पोहणाऱ्यांचेही यात जीव गेलेत.

सासूबाईंना पटवायला जाऊ नका, त्यांना विचारा. त्या पिढीतल्या बायकांना पाण्याची भीती वाटते, तिच्यामागं बहुतेक वेळा कुणाचं तरी नाव असतं. ते त्यांना सांगू दे. आणि त्यांचं एक म्हणणं घरचा नियम म्हणून भिंतीवर लावा: नदीशी खेळ नाही. पाचही गोष्टी आल्या तरी हरिपूरच्या संगमावर, घाटावर, विसर्जनाला तो पाण्यात उतरणार नाही. पुराच्या दिवसांत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून उड्या मारणारी पोरं बघायला गर्दी जमते, तिथं त्याला नेऊ नका. पुराच्या पाण्यात पोहणं कामाला येत नाही. ओढ असते, भोवरे असतात, खाली तारा आणि पत्रे असतात. शिकलेलं कामाला येतं ते पाय घसरल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सहा वर्षांवरच्या मुलांना पोहण्याबरोबर पाण्यातली सुरक्षितता आणि सुरक्षित बचावही शिकवा असं सांगते. त्यातला बचाव त्याला आजपासून शिकवा. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, हात वर करून हाकाही मारत नाही, कारण सगळा जीव श्वास घेण्यात गुंतलेला असतो. तसं कुणी दिसलं तर उडी मारायची नाही. मोठ्यांना हाक मारायची, आणि दोर, काठी, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते त्याच्याकडं टाकायचं.

आता तुम्ही. पत्रात तुम्ही मुलाबद्दल भरभरून लिहिलंय आणि स्वतःबद्दल एकच ओळ: मला पोहता येत नव्हतं. ताई, तुम्हीही नाव घाला. महिलांच्या बॅचला, पुढच्याच महिन्यात. कॉस्च्यूमचा संकोच असेल तर पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे मिळतात, पस्तिशी-चाळिशीतल्या कितीतरी जणी तसेच घालून येतात. तुमच्या नाकात पाणी जाईल, ठसका लागेल, दांडी सोडवणार नाही. ते घरी येऊन त्याला सांगा. पाण्यात तोंड घातल्यावर नाकानं बुडबुडे कसे सोडायचे, हे त्याला येतं. त्याच्याकडून शिका. घरात आपल्यापेक्षा कच्चं कुणीतरी आहे, हे कळल्यावर मुलाच्या खांद्यावरचं ओझं कसं उतरतं, ते मी पाहिलंय.

आणि पिशवी. उचलून ठेवू नका. उचलली तर त्याला वाटेल, विषय संपला, आपण हरलो. खाली उतरवा, आतला टॉवेल धुवा, कॉस्च्यूम साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा, गॉगलचा पट्टा सैल झाला असेल तर नवा घाला. मग पुन्हा तिथंच अडकवा. शेजारी एक खिळा ठोका आणि त्यावर तुमची पिशवी लावा.